सुटलं, सगळ्यांचे आभार

शोधयंत्रानं पहिल्याच फटक्यात नेमकं पान आणून दिलं. ‘मेळ चाळीस टक्क्यांवर अडकतो, मदत हवी.’ मुकुंदराव टिळेकर खुर्चीत सरसावून बसले. गेले पाच दिवस त्यांच्या यंत्राचं हेच दुखणं होतं. विचारणाराही शहाणा दिसत होता. प्रणालीची कोणती आवृत्ती, काय काय करून पाहिलं, सगळं नीट लिहिलेलं. त्यांनी अधीरपणे पान खाली सरकवलं. अकरा दिवसांनंतर त्याच माणसानं लिहिलं होतं, ‘सुटलं. सगळ्यांचे आभार.’

बस्स. कसं सुटलं, काय केलं, एक अक्षर नाही.

“काय नालायक माणूस आहे!” मुकुंदराव मोठ्यानं म्हणाले आणि त्या नालायकाचं नाव बघायला पान वर नेलं. मुकुंद टिळेकर, नाशिक. तारीख जून २०४१, म्हणजे अडीच वर्षांपूर्वीची.

आपण तेव्हा तिथे विचारलं होतं हेच ते साफ विसरले होते. काय करून सुटलं तेही विसरले होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

हे लिनक्स प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. संगणक चालवणारी ही प्रणाली कुणा एका कंपनीची नाही. जगभरच्या हौशी आणि हट्टी लोकांनी ती मिळून लिहिली, अजूनही लिहितात. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. मग कधी प्रिंटर रुसतो, कधी स्पीकर गप्प होतो, कधी अपडेट झाल्यावर पडदाच काळा पडतो. तक्रार करायला दुकान नाही. असतात ती आपल्यासारखीच अडलेली माणसं. मराठीत त्यांची ‘लिनक्स चावडी’ आहे आणि चावडीचा रिवाज एकच: अडलं तर विचारायचं आणि सुटलं तर कसं सुटलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे मागून येणाऱ्याची सोय होते. मुकुंदराव पाणीपुरवठ्यात मीटर आणि पंप सांभाळून निवृत्त झालेले, तीस वर्षं लिनक्सवर काढलेले. नाशिकच्या मंडळात ते ‘टिळेकर सर’ होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी नवशिक्यांना ते हाच रिवाज बोट नाचवून शिकवत.

आणि अडलेला मेळ होता त्यांच्या बायकोच्या कानाचा.

प्रमिलाबाईंनी एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर सत्तावीस वर्षं काढली होती. त्यांचे कान गेले तेव्हा त्यांच्यात श्रवणजाळी बसवली. केसाहून बारीक तारांची ही जाळी आत थेट नसेवर टेकलेली असते. बाहेरचा आवाज विजेचे ठोके करून ती नसेला देते, नस तो मेंदूला पोचवते. अडचण एवढीच की नस जिवंत असते आणि तिचा स्वभाव बदलत राहतो. तंबोरा जसा परत परत लावून घ्यावा लागतो, तसा जाळीचा मेळ दर महिन्याला नव्यानं जमवावा लागतो. केबलनं कान संगणकाला जोडायचा. संगणक एकेक ठोका पाठवणार, नस काय उत्तर देते ते मोजणार आणि नवा नकाशा जाळीत लिहिणार. महिना उलटून गेला तर चुकीचा ठोका नसेला लागू नये म्हणून जाळी आपणहून बंद होते. ती बनवणारी परदेशी कंपनी २०३९ साली गुंडाळली गेली. मेळ घेणारा तिचा प्रोग्रॅमही गेला आणि हजारो माणसांच्या कानांत जाळ्या तशाच राहिल्या. लिनक्सवाल्यांनी मग स्वतःच तसा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना खुला केला. त्या दिवशी मुकुंदरावांनी मंडळात पेढे वाटले होते.

दिवाळीनंतर त्यांचा जुना संगणक गेला. नव्यावर त्यांनी होम फोल्डर जपून आणला. फोटो, पत्रं, सगळं आलं. यंत्राच्या स्वतःच्या व्यवस्थेच्या फायली मात्र जुन्या डिस्कबरोबर भंगारात गेल्या. अडीच वर्षांपूर्वी केलेली दुरुस्ती त्यातच कुठेतरी होती. गेल्या शुक्रवारी मेळाचा महिना भरला आणि प्रमिलाबाईंची जाळी बंद पडली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या वयात सहा आठवडे, फार तर आठ. तेवढा काळ कानाकडून काही आलं नाही तर मेंदू ऐकण्याची जागा दुसऱ्या कामाला लावतो. पुढे जाळी सुरू झाली तरी ऐकू येत नाही.

बोललेलं फोनच्या पडद्यावर अक्षरांत दिसायची सोय आता घरोघरी होती. प्रमिलाबाई तीच वापरत होत्या. पण त्यांची थोरली बहीण कुसुमताई जळगावला एकटी राहायची. काचबिंदूनं तिची नजर गेलेली. रोज सकाळी साडेदहाला दोघींचा फोन असे, त्यात खंड नव्हता. शनिवारी पडद्यावर अक्षरं आली, ‘मी बरी आहे, काळजी करू नकोस.’ प्रमिलाबाई बराच वेळ ती ओळ बघत राहिल्या.

“काय म्हणाली ते कळलं,” त्या मुकुंदरावांना म्हणाल्या, “कशी म्हणाली ते कळलं नाही. रडली असेल तर मला काय माहीत?”

त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे हे त्या जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या होत्या.

तर त्या बुधवारी सकाळी मुकुंदराव स्वतःच्याच ओळीसमोर बसले होते. खाली अजून काही आहे असं दिसलं म्हणून त्यांनी पान पुढे सरकवलं.

‘नमस्कार टिळेकर सर. मी वैजंता कुटे, हिंगोली. माझ्या वडिलांच्या जाळीचं हेच झालंय. कसं सुटलं तेवढं सांगता का?’

चार दिवसांनी: ‘सर, कामात असाल. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.’

‘मी अंगणवाडीत काम करते. संगणक माझा मीच शिकले, त्यामुळे चुकत असेन. रागवा, पण सांगा.’

‘सर, आज एकतीस दिवस झाले.’

असे नऊ निरोप होते, एकाखाली एक. शेवटचा ऑगस्टमधला: ‘आज डॉक्टर म्हणाले आता उपयोग नाही, आबांची नस विसरली. आता वाट बघणं बंद करते. तुमच्या घरी सगळे बरे असोत.’

हे निरोप आपण पाहिलेच नाहीत, अशी मुकुंदरावांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही होतं. चावडीवर कुणीतरी आपल्याला टोचून बोललं म्हणून त्यांनी तिथल्या सूचना बंद करून टाकल्या होत्या. पण पहिला निरोप त्यांनी पाहिला होता. आता सगळं लख्ख आठवलं. त्या अकरा दिवसांत त्यांनी सतरा उपाय केले होते. कुठून कुठून उतरवलेल्या ओळी, अर्ध्या न समजताच घातलेल्या. शेवटी मेळ एकदम शंभरावर गेला, तेव्हा सतरांतल्या कोणत्या उपायानं गेला हे त्यांना कळलंच नव्हतं. आता हे टिळेकर सरांनी चार लोकांत कसं लिहायचं? म्हणून त्यांनी ‘सुटलं’ लिहिलं आणि मूग गिळून बसले. हिंगोलीच्या बाईला नीट शोधून मग सांगू, असं ठरवलं. मग कधीतरी ती मनातून गेली.

‘मला नक्की माहीत नाही, पण हे सतरा उपाय केले,’ एवढं लिहायला काय झालं असतं? सतरांत तिचा एक होताच.

स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. पाच झाल्या, सहा झाल्या. प्रमिलाबाई ओट्यापाशीच पाठ करून भाजी चिरत होत्या. मुकुंदराव उठले, गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

या पानावर आता मदत करील अशी एकच व्यक्ती होती. आपण कोण हे कळलं तर ती उत्तर देणार नाही, आणि न देण्याचा तिला पुरता हक्क होता. पण प्रमिलाचे कान त्यात गेले असते. मुकुंदरावांनी चावडीवर नवं खातं उघडलं आणि गाव नाशिकच ठेवून नाव घातलं शरद. ते त्यांच्या मेहुण्याचं नाव. मग खाली लिहिलं, ‘वैजंताताई, माझ्या पत्नीचं हेच झालंय. तुम्हाला पुढे काही सापडलं का?’

आणि बटण दाबलं.

दोन तासांत उत्तर आलं. त्यात एक फोन नंबर होता आणि ‘काका, फोन करा, असं लिहून जमत नाही.’

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांनी फोन लावला.

“शरदकाका, घाबरू नका,” तिकडून स्वच्छ, घाईतला आवाज आला. “लई सोपं हाय. मला सापडायला चार महिने लागले, तुम्हाला दहा मिनिटं लागतील. केबलच्या डबीवर हिरवी बत्ती हाय ना? चाळीस टक्क्यांला ती इझती का बघा.”

मुकुंदरावांनी प्रमिलाबाईंच्या कानाला केबल लावली आणि मेळ सुरू केला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बत्ती विझली. इतके दिवस ते पडद्याकडे डोळे लावून बसले होते. डबीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं.

“विझली,” ते म्हणाले.

“तेच! अहो, आताच्या मशीनला वीज वाचवायची लई हौस. जो गप्प बसला त्याला झोपवून टाकायचं. चाळीसच्या पुढं बारीक आवाजाची पाळी येती. नसचं उत्तर इतकं हळू असतंय की आपला प्रोग्रॅम ठोका देतो आन वाट बघत बसतो. दोन सेकंद गप्प बसला की मशीनला वाटतंय, इथं कुणी नाही. बंद करून टाकतंय. बिघडलं काहीच नाही बघा, निस्ती वाट बघायची सवय नाही त्याला.”

मुकुंदरावांनी डबीवरची विझलेली बत्ती बोटानं चाचपली.

“हे मला नाही कळलं, आबांला कळलं,” ती पुढे म्हणाली. “आबा मोटारी दुरुस्त करायचे. मोटार चालू केली की नुसत्या आवाजावर बेअरिंग सांगायचे. कान गेल्यावर माझ्याजवळ बसून राहायचे. मी सारखं तेच करून बघायले, तर एक दिवस म्हणाले, पोरी, बत्ती इझायली बघ. तवा सापडलं.”

मागून कुणीतरी खूप मोठ्यानं, सगळं घर भरेल असं विचारलं, “कोण हाय गं?” वैजंतानं उत्तर दिलं नाही. क्षणभर शांतता झाली.

“त्यांच्या हातावर लिहिलं,” ती म्हणाली, “नाशिकचे काका म्हणून. चष्म्यात अक्षरं येतात पण त्यांला ते आवडत नाही. हां, आता लिहा.”

तिनं एकेक अक्षर सांगितलं. संगणक सुरू होताना जी ओळ वाचतो, तिच्या शेवटी एक शब्द वाढवायचा आणि त्यापुढे उणे एक. उणे एक म्हणजे ‘हिला कधीच झोपवू नको’. त्यांनी लिहिलं, संगणक बंद करून चालू केला, मेळ पुन्हा लावला. चाळीस आले. डबीवरची बत्ती हिरवी ती हिरवीच. एकेचाळीस. बेचाळीस. प्रमिलाबाईंनी मुकुंदरावांचा दंड घट्ट धरला होता.

“पुढे गेलं,” मुकुंदराव कसेबसे म्हणाले.

“गेलं ना! बघा.” तिला झालेला आनंद इतका उघड होता की त्यांना तो ऐकवेना. “काका, एकच काम करा. चावडीवर लिहून ठेवा, कसं केलं ते. मला सापडलं तवा आबांचं गेलं होतं. त्या पानावर जायचं म्हणलं की हातच उचलंना. तिथं एक जण निस्तं ‘सुटलं’ लिहून गेलेत.”

“त्यांचा राग येत असेल तुम्हाला,” मुकुंदरावांच्या तोंडून निघून गेलं.

“पहिले लई यायचा. मग वाटलं, त्यांच्याबी घरी काहीतरी झालं असंल. नाहीतर माणूस दोन ओळी लिहीत नाही का? मी तर कधी कधी देवापुढं त्यांचंबी नाव घेते.”

मुकुंदरावांनी आभार मानले आणि फोन ठेवला. चोरी करून घरी आलेल्या माणसासारखे ते खुर्चीत बसून राहिले.

शंभर टक्के झाले. प्रमिलाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. “पंखा कुरकुरतोय,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. पाच मिनिटांत त्यांनी जळगावला फोन लावला होता. साडेदहाची वेळ टळून गेली होती, तरी कुसुमताईनं पहिल्याच घंटीला उचलला.

“बोल ताई. नाही, अक्षरं नाही, तूच बोल. बोल काहीही.” मग त्या नुसतं ऐकत राहिल्या. “रडतेयस,” त्या म्हणाल्या, “रड. ऐकू येतंय मला.”

मुकुंदराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. आनंदानं नाचावं असा दिवस होता आणि त्यांना घरात तोंड दाखवायला जागा नव्हती. आपल्या घरी काही झालं नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. त्या जूनमध्ये त्यांनी आंब्याच्या दोन पेट्या संपवल्या होत्या आणि मंडळात भाषण दिलं होतं. आणि हिंगोलीत एक बाई देवापुढं त्यांचं नाव घेत होती.

दुपारी चहा घेताना प्रमिलाबाईंनी विचारलं, “कसं सुटलं हो?”

“सुटलं,” मुकुंदराव म्हणाले.

“तेच विचारतेय, कसं? तुमचं हे नेहमीचं आहे. नळ दुरुस्त केला, झालं. फ्यूज घातला, झालं. काय केलंत ते सांगायचं म्हणजे जसं काही तुमचं गुपित फुटणार. आणि आवाज का असा लागलाय? सकाळी मला ऐकू यायला लागल्यापासून तुम्ही धड एक वाक्य बोलला नाहीत.”

चाळीस वर्षांचा संसार आणि त्यातली सत्तावीस टेलिफोन बोर्डावर काढलेली बाई. तिच्या कानांपासून काय लपणार? मुकुंदरावांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं. सतरा उपाय, पहिला निरोप, नऊ निरोप, शरद, आबांच्या हातावर लिहिलेलं ‘नाशिकचे काका’. प्रमिलाबाईंचा चहा तसाच गार झाला.

“म्हणजे त्या माणसाच्या कानांवर मी आज ऐकतेय,” त्या म्हणाल्या.

“तसं म्हणू नकोस.”

“मग कसं म्हणू?”

मुकुंदराव उठून संगणकापाशी गेले. “मी लिहिलंय सगळं,” ते म्हणाले. “माझ्या जुन्या खात्यावरून, माझ्या नावानं. सगळ्या पायऱ्या लिहिल्यात, बत्ती आबांनी पाहिली तेही. आणि खाली तिची माफी मागितलीय. वाचून बघ, मग टाकतो.”

प्रमिलाबाई पडद्याजवळ आल्या. पायऱ्या त्यांनी बारकाईनं वाचल्या. माफीपाशी आल्या आणि थांबल्या.

“पायऱ्या आत्ता टाका, या घटकेला. कुणाचे दिवस मोजले जात असतील. माफी काढा त्यातून.”

“काढू?”

“ती वाचेल आणि तिला कळेल तुम्ही काय म्हणालात. कसे म्हणालात ते कुठून कळणार? फोन करा.”

“ती फोन आपटेल, प्रमिला.”

“आपटू दे. तो तिचा हक्क आहे. निदान समोर माणूस होतं म्हणून आपटेल. अडीच वर्षांपूर्वी तेवढंही नव्हतं.”

मुकुंदरावांनी माफीच्या ओळी खोडल्या आणि पायऱ्या चावडीवर टाकल्या. खाली त्यांचं खरं नाव उमटलं. मग त्यांनी फोन हातात घेतला, पण बोट नंबरावर जाईना. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्यांना सदुसष्टाव्या वर्षी कळत होतं. प्रमिलाबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

“नंबर सांगा.”

त्यांनी सांगितला. पलीकडे घंटी वाजू लागली. प्रमिलाबाई मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, बोर्डावर बसत तशाच.

“हॅलो, वैजंताताई? नाशिकहून बोलतेय. सकाळी तुम्ही ज्यांचे कान दुरुस्त केलेत ना, ती मी.” “तुमचा आवाज ऐकतेय मी, बाई. तुमचा आणि माझ्या बहिणीचा. आता एक मिनिट थांबा. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला त्रास होईल असं आहे, पण ऐकून घ्या.”

त्यांनी फोन पुढे केला. “बोला,” त्या हळूच म्हणाल्या. “लाइन चालू आहे.”

“वैजंताताई,” मुकुंदराव म्हणाले, “माझं नाव शरद नाही. मी मुकुंद टिळेकर.”

पलीकडून काही आलं नाही. ठेवल्याचा आवाजही आला नाही. एक सेकंद गेला, दोन गेले, पाच गेले. प्रमिलाबाईंनी मुकुंदरावांकडे पाहून बोटानं खूण केली, थांबा. मागून आबांचा तो मोठा, घर भरून टाकणारा आवाज आला, “कोण हाय गं?” आणि या वेळी हातावर लिहायला ती उठली नाही.

“बोला,” शेवटी वैजंता म्हणाली. तिचा आवाज सकाळचा नव्हता. “काय झालं होतं तुमच्या घरी?”

“काहीच झालं नव्हतं,” मुकुंदराव म्हणाले, आणि सांगू लागले. जूनच्या पहिल्या दिवसापासून, सतरा उपाय एकेक करून, एकही पायरी न गाळता.